मन्मथअप्पांची फळी

सन १९८८. माझं वय तेहतीस. त्या साली ऐन उन्हाळ्यात, दुपारी दीड वाजता, एका माणसानं मला ट्रकात आडवं केलं, डोळे मिटायला लावले आणि मी घोरायला लागल्यावर खिशातून टेप काढून माझं माप घेतलं. डोक्यापासून टाचेपर्यंत.

मला जाग आली तेव्हा तो माझ्या पायाशी टेप धरून उभा होता. मी तलवाड्याचा. आमच्याकडं आडव्या माणसाचं माप एकाच कामासाठी घेतात. मी ओरडलोच.

"अहो, मी जिता हाय!"

"म्हणून तर माप घ्यायलोय," तो म्हणाला. "पाच फूट आठ. ऊठ, चहा घे. गाडी तुझी."

हे मन्मथअप्पा. बीडच्या बाहेर हमरस्त्याला त्यांची ट्रकची एजन्सी आहे. तेव्हा ते चाळिशीच्या आतले होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा सदरा, आणि खिशात पेन असतो तिथं शिंप्याचा टेप. आता पंच्याहत्तरीच्या घरात आलेत, पट्टे तेच आणि टेपही तोच. आकडे पुसलेत, पण त्यांना हातानं कळतात.

आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण त्या काळात कंपनी ट्रक देत नव्हती, नुसती चेसी द्यायची. पुढं इंजिन, मधी स्टेअरिंग, मागं लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या. ना दार, ना छप्पर. ड्रायव्हर तोंडाला टॉवेल गुंडाळून लाकडी खोक्यावर बसायचा आणि ऊन-वारा खात ती आणायचा. केबिन बांधायला बॉडीवाल्याकडं वेगळं जावं लागायचं. केबिनमध्ये सीटच्या मागं एक फळी असते, ड्रायव्हरनं झोपायची. ती बॉडीवाला आपल्या मनानं ठोकायचा. उरलेल्या लाकडाची. बुटक्याला लांब, लांबड्याला आखूड. आमच्या ओळखीतला एक ड्रायव्हर सहा वर्षं गुडघे पोटाशी घेऊन झोपला, शेवटी घरी बाजेवरसुद्धा तसाच झोपायला लागला.

अप्पांना ते खपायचं नाही. त्यांनी यार्डात बांधलेली एक निळी गाडी कायमची उभी करून ठेवली होती. ती विकायची नव्हती. कुणी ट्रक घ्यायला आला की अप्पा विचारायचे, "चालवणार कोण?" मालकच चालवणार असेल तर मालक, नाहीतर त्याचा ड्रायव्हर, त्याला निळ्या गाडीच्या फळीवर पाठवायचे. "आधी आडवा हो," हे त्यांचं पालुपद. तासभर झोप लागली तर माप घ्यायचे, चहा पाजून उठवायचे आणि मापाची चिठ्ठी बॉडीवाल्याकडं धाडायचे. झोप नाही लागली तर चेसी नाही.

लोक म्हणायचे, अप्पाचं डोकं फिरलंय. पण चेसीला तेव्हा वर्षवर्ष थांबावं लागायचं. त्यामुळं डोकं फिरलेल्या माणसासमोरही लोक निमूट आडवे व्हायचे. गेवराईकडचा एक पुढारी तीनदा आला, तिन्हीदा टक्क जागा. तिसऱ्यांदा अप्पा म्हणाले, "तुमच्या डोक्यात निवडणूक हाय. ती पार पडू द्या, मग या." तो पडला. मग आला आणि फळीवर पाठ टेकताच घोरायला लागला.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी हार-नारळ सगळीकडंच असतो. अप्पांकडं वरून एक वाकळ मिळायची. त्यांची बायको, आमच्या पार्वतीवहिनी, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायच्या. तीही फळीच्या मापाची, एक बोट इकडं नाही की तिकडं नाही. माझी हिरव्या लुगड्याची आहे. पस्तीस वर्षांत चार इंजिनं खोलली मी, वाकळ एकदाच उसवली. वहिनी देताना एवढंच म्हणायच्या, "भावजी, पांघरायला दिलीय, सीटवर टाकायला न्हाई."

आणि गंमत अशी की शेकडो गाड्या विकलेल्या ह्या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. अजून येत नाही. एकदा एजन्सीतल्या हनीफ मिस्त्रीनं आग्रह करून स्टेअरिंगवर बसवलं. अप्पांनी गाडी सुरू केली आणि थेट वजनकाट्यावर नेऊन चढवली. उतरून म्हणाले, "बघा, वजन तरी कळलं."

एजन्सीवाला म्हणजे तेव्हा काय नव्हता? गाडी तोच देणार, बॉडीवाला तोच गाठून देणार, ड्रायव्हर तोच शोधून देणार. मालक-ड्रायव्हरचं भांडण झालं की दोघं अप्पांच्या ओट्यावर. अप्पा दोघांनाही म्हणणार, "आधी आडवे व्हा, मग बोलू." एका भांडणात दोघं खरंच झोपले. उठल्यावर भांडण कशाचं हेच आठवेना, चहा घेऊन एकाच गाडीतून गेले.

मग दिवस बदलले. केबिन कंपनीतूनच बांधून यायला लागलं. फळी सगळ्यांना एकसारखी, वर गादी. बॉडीवाल्याकडं जाणारी चिठ्ठी बंद झाली. अप्पा तरी माप घ्यायचेच. लोक विचारायचे, आता कशाला? म्हणायचे, "वाकळीला लागतंय." चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. त्यानंतर माप घेणंही थांबलं.

मग गाडी मोबाइलवर मिळायला लागली. चाळीस-पन्नास गाड्यांचे मालक झाले, ते थेट कंपनीशी बोलायचे. गाड्या परस्पर यायच्या, अप्पांच्या यार्डात फक्त नंबरप्लेट लावायला थांबायच्या. पुण्याहून कंपनीचे मॅनेजर आले. भला माणूस, बूट बाहेर काढून आत यायचा. त्यानं अप्पांना समजावलं, तेव्हा मी तिथंच बाकावर होतो.

"अप्पा, आता आपण गाडी विकायची नाही. गाडी चालू ठेवायची. कुठली गाडी कुठं आहे, इंजिन गरम झालंय का, ऑइल कधी बदलायचं, हे सगळं इथं पडद्यावर दिसणार. गाडी एक तासही उभी राहता कामा नये. डीलरचं काम आता हेच."

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग त्यानं झोपायचं कवा?"

मॅनेजरनं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे.

शोरूमच्या कोपऱ्यात काचेची खोली झाली. त्यात एसी, आणि भिंतभर पडदा. पडद्यावर नकाशा, नकाशावर ठिपके. हिरवा ठिपका म्हणजे गाडी पळतेय, लाल म्हणजे उभी. प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवलं की ड्रायव्हरचं नाव आणि नंबर. आम्हाला वाटलं अप्पा आता घरी बसतील. तर हा माणूस सत्तरीच्या पुढं माउस शिकला. पहिल्या आठवड्यात माउस टेबलाच्या खाली गेला की तेही खाली वाकून टेबलाखाली बघायचे. महिन्याभरात असे तयार झाले की हनीफ म्हणाला, "अप्पा को अब चष्मा भी नहीं लगता."

पण कंपनीला पाहिजे ते ते बघत नव्हते. ऑइल, इंजिन, ते हनीफ बघायचा. अप्पा बघायचे हिरवे ठिपके. पाच तासांच्या वर एखादा ठिपका हिरवाच राहिला की लावला फोन.

"हॅलो, कोण?"

"बीडहून मन्मथअप्पा. गाडी बाजूला घे आन् आधी आडवा हो."

"अप्पा, माल पोचवायचाय."

"चालवताना फोन उचलतोस? अक्कल हाय का न्हाई बे?"

"तुमीच तर केला!"

"मी केला म्हणून तू उचलायचा?"

तिकडं ड्रायव्हर बुचकळ्यात, इकडं अप्पा पडद्याला नाक लावून. ठिपका लाल झाला की खुर्चीत मागं टेकायचे. तासाभरानं पुन्हा फोन. "ऊठ. चहा घे. जा आता."

आता माझं सांगतो. माझ्या दोन गाड्या, दोन्ही जुन्या. पडद्यावर दिसायचं तर जुन्या गाडीला एक डबा बसवून घ्यावा लागतो, सिगारेटच्या पाकिटाएवढा. अप्पा म्हणाले, "दत्तू, डबा बसवून घे."

मला ते लागलं. पस्तीस वर्षांचा माझा-तुमचा व्यवहार, एक शब्द कधी खाली पडू दिला नाही, आणि माझ्यावर पहारा? मी म्हणलं, "माझ्या बायकोनं चाळीस वर्षांत कवा विचारलं न्हाई, कुठं व्हताव. तुमचा डबा कोण विचारणारा?"

"तिनं कावून विचारलं न्हाई ते तिला विचार," अप्पा म्हणाले.

सगळे हसले. मी उठलो आणि निघून आलो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी, त्यातली तिसरी दोनदा. पण मान खाली घालायला शिकलो नाही.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. गाडीचं काम मात्र मी हनीफकडूनच करून घ्यायचो, कारण त्याच्यासारखा हात जिल्ह्यात नाही. म्हणजे जायचं तिथंच, बसायचं काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर, आणि बोलायचं नाही. अप्पा दार उघडं टाकून आत बसायचे. मधी हनीफ.

"हनीफ, त्याला विचार, रात्री घाटात गाडी कोण चालवतंय."

"हनीफ, त्यांना सांग, माझी गाडी मी बघतो."

"हनीफ, त्याला म्हणावं, वय अडुसष्ट झालं."

"हनीफ, त्यांना म्हणावं, ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठेत."

हनीफ पाना खाली टाकायचा. "अरे तुम दोनों के कान चालू है ना? मेरे मुंह से क्यों तेल निकालते?"

आठ महिने हे चाललं.

मग अविनाशरावाचं प्रकरण झालं. अविनाशराव म्हणजे चाळीस गाड्यांचा मालक, जालन्याची सळई वाहतो. तरुण आहे, हुशार आहे, गाडीत कधी झोपलेला नाही. त्याच्या चाळीसही गाड्या अप्पांच्या पडद्यावर होत्या. त्या दिवशी तो मॅनेजरला बरोबर घेऊनच आला. मी बाकावर होतो, दार उघडं होतं.

"अप्पा, तुमच्यामुळं माझा माल लेट व्हायलाय."

"किती लेट?"

"तास, दीड तास. रोज एखादी गाडी तरी."

"आन् पोचत कितीक न्हाईत?"

"न पोचायला काय झालं? सगळ्या पोचतेत."

"मग?" अप्पा म्हणाले.

अविनाशराव मॅनेजरकडं वळला. "बघा. हे असं हाय. माझ्या ड्रायव्हरला मी पगार देतो, आन् झोपवतात हे."

मॅनेजर बिचारा दोघांच्या मधी. तो हळू आवाजात म्हणाला, "अप्पा, नियम असा आहे की ड्रायव्हरला फोन करणं हे आपलं काम नाही. आपण मालकाला कळवायचं. मालकाची परवानगी असेल तरच ड्रायव्हरशी बोलायचं. एजन्सी रद्द करा म्हणून ह्यांचा अर्ज आलाय. मी तो थांबवतो. पण परवानगी लागणार."

"मी देत न्हाई," अविनाशराव म्हणाला. "माझ्या गाड्या इथून काढा. मी दुसरीकडून बघून घेतो."

मॅनेजरनं कळ दाबली की काय केलं, मला बाहेरून दिसलं नाही. पण पडदा दिसत होता. जालना ते सोलापूर सगळ्या रस्त्यावर ज्वारी सांडावी तसे ठिपके होते. ते गेले. एकदम सगळे. नकाशावर नुसते रस्ते राहिले आणि इकडंतिकडं सात ठिपके.

अप्पांनी पाहुण्यांना चहा मागवला, अविनाशरावाच्या कपात त्याला लागते म्हणून साखर जास्त टाकायला सांगितली. ते दोघं गेले.

मीही जाणार होतो. माझी गाडी तयार होती, हनीफनं किल्ली हातात दिली होती. पण त्यानं माझी बाही धरली आणि काचेकडं मान हलवली. मी बघितलं. अप्पा त्या सात ठिपक्यांपुढं बसले होते आणि गुडघ्यांवर वाकळ होती. एसीचा गारवा त्यांना सोसायचा नाही हे खरं. पण वाकळ अशी घट्ट धरली होती की मला आत जावंच लागलं.

आठ महिन्यांनी मी त्या खोलीत पाय ठेवला. हनीफ बाहेरच राहिला, त्यामुळं बोलायला मधी कुणी नव्हतं. मी म्हणलं, "ही कुणाची?"

"शेवटची," अप्पा म्हणाले. "पारूनं शिवली अन् मग आजारी पडली."

"माप कुणाचं?"

"माझं." त्यांनी वाकळीची कड अंगठ्यानं चाचपली. "मी म्हणलं, मला कशाला? मी कुठं जायलोय? तर म्हणली, आजपोत्तर सगळ्यांची शिवली, तुमचीच राहिली."

मी खुर्ची ओढून बसलो. सातातला एक ठिपका लाल झाला होता, नेकनूरजवळ. अप्पांनी तो बघितला आणि मान हलवली.

मग न विचारता सांगायला लागले. पस्तीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या एजन्सीतून विकली गेलेली पहिलीच गाडी वहिनींच्या भावानं घेतली होती. पाठचा भाऊ, अंबाजोगाईचा. उंचापुरा गडी. बॉडीवाल्यानं फळी चार फुटांची ठोकली. भावानं तक्रार केली तर अप्पा म्हणाले होते, तुला झोपायला गाडी घ्यायचीय का चालवायला? मांजरसुंब्याच्या घाटात पहाटे त्याचा डोळा लागला.

"मी त्याला गाडी दिली," अप्पा म्हणाले, "झोपायला जागा न्हाई दिली. पारू मला एक शब्द बोलली न्हाई, दत्तू. दहाव्यानंतर टेप आणून माझ्या खिशात ठेवला. बास."

आपल्याला असं काही बोलता येत नाही. मी म्हणलं, "एसी लई वाढवलाय तुमी."

"तो कंपनीचा हाय. कमी करता येत न्हाई."

थोडा वेळ आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसलो. सात ठिपके म्हणजे बघायलाही काही नव्हतं. तरी अप्पा एकेकाचं नाव सांगत होते. हा चौसाळ्याचा, ह्याला दुसरी मुलगी झाली. हा पान खातो, त्याला फोन केला की आधी थुंकायला वेळ लागतो. घरी त्यांच्या कुणी नाही. एक मुलगी, ती लग्न होऊन लांब. ही माणसं सकाळी निघाली, संध्याकाळी पोचली, एवढं कळलं की ते शटर ओढून जेवायला जायचे. आणि त्या दिवशी त्यातले चाळीस जण कुठं होते, ते त्यांना आता कधीच कळणार नव्हतं.

मी उठलो. दारात वळून म्हणलं, "मी डबा बसवणार न्हाई म्हणलो म्हणजे न्हाई."

"मी कुठं म्हणलो बसव?" अप्पा म्हणाले.

"न्हाई, आपलं सांगून ठेवलं."

घरी आलो. बायकोला विचारलं, चाळीस वर्षं मी कुठं असतो हे तू कधी विचारलं नाहीस, कावून? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "विचारून काय व्हणार व्हतं? तुमी सांगितलं असतं का? म्या पार्वतीबाईला विचारायची. रस्त्यावरच्या ड्रायव्हरांकडनं अप्पाला कळायचं अन् अप्पाकडनं त्यांना, कुठवर गेलाव, कुठं जेवलाव." आणि भाकरी उलटली.

म्हणजे डबा आधीपासून होता. फक्त मला माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, अप्पा यायच्या आत, मी गाडी यार्डात लावली. हनीफला म्हणलं, डबा बसव आणि गप बस. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. परवानगीचा कागद होता, त्यावर मी माझी सही केली, पूर्ण नावाची. मग मी एकटाच निघालो, गाडी रिकामी, कुठलंच भाडं नव्हतं. मांजरसुंब्याचा घाट चढलो, वर सपाटीला रस्त्याच्या कडेला एक लिंब आहे, त्याच्या खाली उभा राहिलो आणि इंजिन बंद केलं. सीटच्या मागं गेलो. पाच फूट आठ इंच. अजून बरोबर बसतो मी.

दहा मिनिटांत फोन वाजला.

"थांबलास कावून बे?" अप्पा ओरडत होते. "गाडी बिघडली का? तुला काय झालं? हॅलो!"

"झोपायलोय," मी म्हणलं.

तिकडून खुर्चीत मागं टेकल्याचा आवाज आला. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"बरं," अप्पा म्हणाले. "किती वाजता उठवू?"

मी म्हणलं, तासाभरानं. फोन उशाशी ठेवला आणि हिरवी वाकळ डोक्यावरून ओढून घेतली.